तलावाच्या पायथ्याला ओल आहे, काळी माती टाकून बुजवू का?

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं. गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळी कामावर बांधलेला मातीचा तलाव आहे. बांध साधारण १२ मीटर उंच. खालच्या अंगाला पायथ्याशी पूर्वीपासून ओल असायची. यंदा तलाव भरल्यावर ती वाढली आणि एका ठिकाणी करंगळीएवढी धार लागली. बांधावर बाभळी माजल्यात, विमोचकाचं, म्हणजे तलावातलं पाणी खाली सोडायच्या नळाचं, गेट कित्येक वर्षांत कुणी हलवलेलं नाही. गावाने वर्गणी काढून जेसीबी बोलवायचं ठरवलंय. ओलीच्या जागेवर काळी माती चोपून धार बंद करायची. हे करावं का, आणि बांधाला धोका आहे का, हे तुम्ही विचारलंय.

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: करू नका. जेसीबीवाल्याला आजच फोन करून थांबवा. दुसऱ्याचं उत्तर बांध पाहिल्याशिवाय कुणी प्रामाणिकपणे देऊ शकणार नाही, मीही नाही. पण ते उत्तर कशावर अवलंबून आहे आणि त्यातलं तुम्हाला स्वतःला काय तपासता येईल, हे सांगता येतं. माझी सगळी नोकरी लघु पाटबंधाऱ्यात, अशाच तलावांवर गेली. मराठवाड्यात जास्त, काही काळ कोकणात. त्यातून जे पक्कं झालं ते लिहितो.

मातीचा बांध पाणी अडवतो, पण पूर्ण कोरडा कधीच नसतो. आत काळ्या मातीचा गाभा, दोन्ही बाजूंनी मुरमाचं कवच, पाण्याकडच्या उतारावर दगडाचं पिचिंग आणि खालच्या पायथ्याला वाळू, खडी, दगड अशा थरांची गाळणी, ही त्याची साधारण रचना. पाणी गाभ्यातून अगदी सावकाश झिरपतं आणि गाळणीतून बाहेर पडतं. चहाच्या गाळणीसारखंच तिचं काम: पाणी जाऊ द्यायचं, मातीचा कण अडवायचा. म्हणून गळती आहे एवढ्यावरून बांध वाईट ठरत नाही. पाण्याबरोबर माती यायला लागली की तो वाईट ठरतो. आतली माती कणाकणाने वाहिली की पोकळी होते. ती पोकळी बाहेरून तलावाच्या दिशेने आत आत सरकते आणि पाण्याला भिडली की काही तासांत बांध जातो.

आता त्या धारेच्या तोंडावर काळी माती चोपली तर काय होईल? पाणी थांबणार नाही, तलावाचा दाब कायम आहे. ते बांधाच्या आतच तुंबेल. आतली ओलीची रेषा वर चढेल, आजवर कोरडा असलेला उतार भिजेल आणि दुसऱ्या कुठल्या तरी कच्च्या जागेतून, बहुधा आणखी वरून, पाणी वाट काढेल. भिजलेला उतार घसरूही शकतो. सिमेंटचा गिलावा किंवा ताडपत्री लावली तरी हेच. गळती कमी करायची तर ती पाण्याच्या बाजूने करायची असते. खालच्या बाजूला पाण्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. खालून बुजवलेली धार दोन-चार महिने दिसत नाही आणि लोकांना काम फत्ते झाल्यासारखं वाटतं, हे मी अनेक गावांत पाहिलंय. त्या काळात आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नसतं, आणि याचीच मला जास्त भीती वाटते.

तुमच्या तलावाबाबत आणखी एक लक्षात घ्या. बहात्तरची बरीच कामं माणसांच्या हातांनी, घमेल्याने माती वाहून झाली. काहींची दबाई उत्तम आहे, काहींची जेमतेम. गाळणी कुठे घातली, कुठे राहून गेली. नकाशे मिळाले तर नशीब समजा. त्यामुळे ‘एवढी वर्षं टिकला म्हणजे मजबूत आहे’ हा निष्कर्ष मी काढत नाही. तलाव पूर्ण क्षमतेने, तोही जास्त दिवस, किती वेळा भरून राहिला? दुष्काळी पट्ट्यात कित्येक तलाव दशकात एक-दोनदाच काठोकाठ भरतात. मग वय पन्नास वर्षांचं असलं तरी परीक्षा दोन-चारदाच झालेली असते.

तेव्हा पहिलं काम, आणि ते तलाव भरलेला असतानाच होतं: धारेचं पाणी तपासा. पाण्याची पारदर्शक प्लास्टिकची बाटली धारेखाली धरून भरा, झाकण लावा आणि सपाट जागी दोन तास हलवू नका. मग तळ पाहा. स्वच्छ असेल तर ठीक. तळाशी पिठासारखा बारीक थर बसला असेल तर माती येतेय. नुसत्या डोळ्यांनी धार नितळ दिसते आणि बाटलीत गाळ निघतो, असं बऱ्याचदा होतं. धार जिथे पडते ती जागाही वाकून नीट बघा. एका तलावावर धार वर्षानुवर्षं स्वच्छ होती. एका सकाळी तिच्या तोंडाशी बारीक रेतीचा वाटोळा उंचवटा दिसला, मुंगीच्या वारुळाएवढा, मधोमध भोक आणि त्यातून बुडबुडत येणारं पाणी. चौकीदार जुना आणि चाणाक्ष होता. त्याने तो पायाने सारखा केला नाही, तसाच ठेवून आम्हाला बोलावलं. असा उंचवटा म्हणजे पायाखालून माती येत असल्याची खूण. दिसला तर लाथ मारून मोडू नका, फोटो काढा.

दुसरं काम मोजमापाचं. धारेचं सगळं पाणी एका छोट्या चरीत आणा आणि बादली लावा. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली तर गळती सेकंदाला पाऊण लिटर. जमलं तर चरीत पत्र्याचा ९० अंशांचा व्ही-आकाराचा खाच पाडलेला फळका बसवा. खाचेच्या टोकापासून, फळक्याच्या थोडं मागे, पाण्याची उंची ५ सेंटीमीटर असेल तर साधारण पाऊण लिटर, १० सेंटीमीटर असेल तर साधारण साडेचार लिटर प्रतिसेकंद. गावातला कुठलाही फॅब्रिकेटर हा फळका अर्ध्या दिवसात करून देईल.

आकडा एकटा फारसं सांगत नाही. त्याच्यासोबत त्या दिवशीची तलावाची पातळी लिहा. दगडावर रंगाने खुणा केल्या तरी चालेल. पाऊस पडला असेल तर तेही नोंदवा. आठवड्यातून एकदा, तलाव काठोकाठ असताना रोज. तलाव उतरला की गळती उतरायला हवी. उतरत नसेल तर पाणी कदाचित तलावाचं नाहीच. वरच्या माळाचा झरा असेल, शेजारच्या पाटाची गळती असेल. त्या पाण्यासाठी बांधाला हात लावायची गरज नाही. मात्र तलावाची पातळी तीच असताना गळती गेल्या महिन्यापेक्षा किंवा गेल्या वर्षापेक्षा वाढली, तर ती गंभीर गोष्ट. आणि पातळी तीच असताना गळती अचानक घटली, तर खूश होऊ नका. गाळणी चोंदली असेल किंवा पाण्याने दुसरी वाट धरली असेल, त्या दिवशी सगळा उतार पायाखाली घालून पाहा. तुम्ही ‘यंदा वाढली’ असं लिहिलंय, पण गेल्या साली तलाव किती भरला होता ते लिहिलेलं नाही. तो अर्धाच भरला असेल तर यंदाची वाढ बरीचशी समजण्यासारखी आहे. माझ्यापुढे तुमच्या प्रश्नातला सर्वांत मोठा मोकळा धागा हाच आहे.

बाटली स्वच्छ निघाली आणि गळती स्थिर असली तर तिथे उलटी गाळणी घालता येते. ओलीच्या जागेवरचं गवत-झुडूप काढायचं, जमीन खोदायची नाही. त्यावर धुतलेली जाड वाळू एक वीत, त्यावर बारीक खडी एक वीत, त्यावर जाड खडी आणि वरून वजनाला दगड. ओलीच्या कडेपासून चारी बाजूंनी मीटरभर पुढे. पाणी या थरांतून निघून चरीत जाईल आणि मोजताही येईल. क्रशरची न धुतलेली कच वापरू नका, तिच्यातली भुकटी गाळणीच बंद करते. वाळूचा आकार आतल्या मातीला जुळायला लागतो, म्हणून हे काम शाखा अभियंत्याला दाखवून आणि खात्याच्या देखरेखीखालीच करा. गावाची वर्गणी कामी आणायची असेल तर काळ्या मातीऐवजी या वाळू-खडीवर खर्च करा.

बाटलीत गाळ निघाला, धार गढूळ झाली, बांधावर कुठे खड्डा पडून माती आत बसली, किंवा तलावात बांधाजवळ भोवरा दिसला, तर अभ्यासाची वेळ संपली. खालच्या वस्तीतली माणसं आधी हलवा. तहसीलदार, पोलीस पाटील आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला (१०७७) कळवा. तलाव रिकामा करायला सुरुवात करा. गढूळ धारेवरही वाळू-खडी-दगडाचं वजन टाकता येतं, पण खात्याची माणसं आणि साहित्य हाताशी असेल आणि तिथे उभं राहणं सुरक्षित असेल तरच. काही झालं तरी बांधाला चर पाडून पाणी सोडायचा विचार गावपातळीवर करू नका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा एका अंगाने चर काढून पाणी काढलं गेलं. पण खालची गावं आधी रिकामी केली होती आणि चराची जागा, खोली अभियंत्यांनी ठरवली होती. मातीत पाडलेली चर पाणी स्वतःच रुंद करत जातं, ती आपल्या हातात राहत नाही.

आता सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी निघून जायची वाट. तुम्ही त्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाही, आणि मला गळतीइतकीच काळजी त्याची वाटते. जगभरच्या फुटलेल्या मातीच्या धरणांकडे पाहिलं तर ढोबळमानाने निम्मी आतून माती वाहून गेली आणि जवळपास तितकीच पाणी माथ्यावरून गेल्यामुळे. दगडी बंधाऱ्यावरून पाणी गेलं तर तो काही काळ तग धरतो. मातीच्या बांधावरून गेलं तर कोरडा उतार खालून वर कापत येतो आणि पुढे थांबत नाही. गुजरातेत ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध असेच गेले आणि मोरबी बुडालं. धरणाला पेलणार नाही एवढा पूर आला होता.

जुन्या तलावांचे सांडवे डिकन्स किंवा इंग्लिस यांच्या, पाणलोटावरून पुराचा अंदाज देणाऱ्या सूत्रांवरून ठरवलेले असत. इंग्लिसचं सूत्र घाटालगतच्या पाणलोटासाठी आहे. ते ५ चौरस किलोमीटरच्या पाणलोटाला सेकंदाला दीडशे घनमीटरच्या वर पूर देतं. सांडव्यावरून १.२ मीटर उंच पाणी जाऊ शकेल असं धरलं तर एवढ्या पुराला सुमारे ७० मीटर लांब सांडवा लागतो. दुष्काळी पट्ट्यातल्या पाणलोटाला आकडा कमी येईल. तुमचा सांडवा टेपने मोजा, पाणलोटाचं क्षेत्र तलावाच्या कागदांवर असतं, आणि दोन्ही अभियंत्यासमोर ठेवा.

लोक सांडव्याचं काय करतात ते आता सांगतो. जास्त पाणी राहावं म्हणून त्यावर गोण्या रचतात, कधी फूटभर उंचीची भिंतच घालतात. सांडव्याची वहनक्षमता पाण्याच्या उंचीच्या दीड घाताने बदलते. १.२ मीटरमधले ३० सेंटीमीटर गेले तर क्षमता चौथ्या हिश्श्याने घटेल असं वाटतं. प्रत्यक्षात ती तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते. फूटभर पाण्यासाठी गाव सांडव्याचा तिसरा हिस्सा बंद करून बसतं. दुसरा प्रकार मासेमारीचा. ठेकेदार मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळी ताणतो. पहिल्या मोठ्या पुराबरोबर पाला, काटक्या, जलपर्णी येऊन त्या जाळीवर थापल्या जातात आणि बघता बघता तिची भिंत होते. रात्रीच्या पावसात कंदील आणि कोयता घेऊन ती जाळी कापायला मजूर उतरवलेले मी पाहिलेत. त्या वेळी पाणी माथ्याच्या दोन हात खाली होतं. तिसरा प्रकार सांडव्याच्या पुच्छ कालव्यातलं, म्हणजे सांडव्याचं पाणी पुढे नेणाऱ्या चरीतलं अतिक्रमण, तिथे पीक असतं किंवा रस्त्याची अरुंद मोरी असते. हे तिन्ही पैसे न लागता काढता येतं, गावाची तयारी मात्र लागते. मेअखेरपर्यंत सांडवा मोकळा हवा, त्यात झुडूपसुद्धा नको.

याच्या जोडीला माथ्याची पातळी. पूर माथ्याच्या सरासरी उंचीला विचारत नाही, सर्वांत खोलगट जागेवरून जातो. गुरांची वाट, ट्रॅक्टरची चाकोरी, मधेच खचलेला तुकडा, अशा जागा दीड-दोन फुटांनी खाली गेलेल्या असतात आणि डोळ्यांना कळत नाहीत. गवंडी वापरतो ती पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसं दर वीस-पंचवीस पावलांवर पातळी घेत गेली तर एका सकाळीत कागदावर सगळं येतं. माथ्याच्या सर्वांत खालच्या जागेपासून सांडव्यापर्यंत उंचीचा फरक किती, हा आकडा तुमच्या तलावाबद्दल मला सर्वांत आधी हवाय. खोलगट जागा उन्हाळ्यात भरायच्या. आधी वरची झाड-माती खरडायची, मग सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थर ओलसर करून चोपलेला. ट्रॉलीतून ढीग ओतून ठेवला तर पहिल्या पावसात त्याचा चिखल होऊन वाहून जातो. माथ्याचा ढाळ तलावाकडे ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी कोरड्या उतारावर ओघळ पाडणार नाही.

माथा पाहताना भेगाही पाहा. काळी माती उन्हाळ्यात तडकतेच. माथ्याच्या लांबीला समांतर बारीक भेगा बहुतेक वेळा सुकण्याच्या असतात. त्यांची एक कड दुसरीपेक्षा खाली बसलेली असेल तर मात्र उतार सरकतोय. आणि तलावाकडून कोरड्या बाजूकडे आरपार जाणारी भेग कितीही बारीक असली तरी तिच्यावर माती ओढून मोकळं होऊ नका. तलाव भरला की पाण्याला आयती वाट मिळते. ती तळापर्यंत उकरून, भेग दिसेनाशी झाल्यावर, थरांनी भरायची असते, आणि तलावात पाणी नसताना.

बाभळींचं आता. जिवंत झाडापेक्षा मेलेलं झाड बांधाला जास्त घातक असतं. मुळं कुजली की त्यांच्या जागी नळ्या राहतात, आणि जुन्या वेड्या बाभळीची मुळं पार गाभ्यापर्यंत गेलेली असतात. म्हणून नुसती कुऱ्हाड चालवून बुंधे तसेच ठेवणं हा उपाय नव्हे. मनगटाएवढी रोपं पावसाळ्यानंतर जमीन ओली असताना मुळासकट उपटा. मोठी झाडं तलाव उतरल्यावर, मार्च ते मे मध्ये, बुंधा आणि जाड मुळं खणून काढा आणि खड्डा तिथल्यासारख्याच मातीने थराथराने चोपून भरा. खालच्या पायथ्याजवळ, जिथे आता धार आहे, तिथलं झाड मात्र तलाव भरलेला असताना मुळीच उपटू नका. त्या खड्ड्यात नेमकी वाट फुटेल. झाडं गेली की हरळी लावा. बांधाला हरळीसारखं पांघरूण नाही, आणि खाली काय चाललंय ते तिच्यातून दिसतं. झुडपांमुळे मुख्य नुकसान हेच की ओल, बिळं, खड्डे, सगळं झाकलं जातं.

बिळांवरून तिवरे आठवणं साहजिक आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसच्या आसपास माणसं गेली. खेकड्यांमुळे फुटलं असं तेव्हाचे मंत्री म्हणाले आणि त्यावर राज्यभर खूप बोललं गेलं. खेकडा, घूस, साळिंदर बांध पोखरतात, हे खरं आहे. कोकणात मी खेकड्याच्या बिळात हात कोपरापर्यंत गेलेला पाहिलाय. पण बीळ एका रात्रीत होत नाही. ते शोधून बुजवणं हीच देखभाल. तिवऱ्याच्या गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते, ही गोष्ट मला खेकड्यांपेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते. पाण्याच्या बाजूची बिळं तलाव उतरल्यावर उकरून मातीच्या घट्ट राबडीने भरतात. कोरड्या बाजूची बिळं खालून नुसती लिंपायची नाहीत, कारण वर काळ्या मातीचं सांगितलं तेच.

गेट कित्येक वर्षं हललेलं नाही, हे वाचून मी थबकलो. बांधातून आरपार जाणारी वस्तू एकच असते, ती म्हणजे विमोचकाचा नळ किंवा मोरी. तिच्या कडेने माती नीट दबत नाही, म्हणून आतून वाहण्याचा धोका तिथे सर्वांत जास्त. पानशेतलाही दुखणं विमोचकापाशीच सुरू झालं होतं. काम अपुरं असताना पाणी अडलं, विमोचकातून पाणी बेबंद वाहत राहिलं, त्याच्यावरचा भराव खचत गेला आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटलं. जवानांनी रात्रभर रचलेल्या वाळूच्या गोण्याही पुरल्या नाहीत. पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ वाहून गेला.

तुमची धार नळाच्या तोंडाच्या किती जवळ आहे ते पावलं मोजून सांगा. नळाच्या बाहेरून, दगडी तोंडाच्या कडेने पाणी येत असेल तर बाटलीचा निकाल काहीही असो, अभियंता लगेच यायला हवा. नळाच्या आतून थेंब थेंब येत असेल तर गेटच्या रबराची किंवा सांध्याची गळती असू शकते, ती इतकी भीतीची नाही. गंजलेलं गेट गावातल्या पोरांनी पहार लावून उघडू नये. दांडा तुटला तर ते ना उघडेल ना बंद होईल. खात्याच्या यांत्रिकी माणसाकडूनच ते हलवून घ्या. तोवर तलाव उतरवायचा असेल तर सोपा मार्ग शेतकऱ्यांच्या मोटारी. रब्बीची पाळी लवकर सुरू करा, सगळ्यांनी उपसा केला तर पातळी बऱ्यापैकी खाली येते. घाई नसेल तेव्हा दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवू नये असा माझा ठोकताळा आहे, कारण पाणी झपाट्याने उतरलं तर भिजलेला आतला उतार घसरतो. धोका समोर असेल तेव्हा हा नियम बाजूला ठेवायचा.

गाळ काढण्याबद्दल दोनच वाक्यं. बांधाच्या आतल्या पायथ्यालगतचा गाळ काढू नका, तो गळती रोखणारा थर आहे, किती अंतर सोडायचं ते अभियंत्याकडून आखून घ्या. आणि बांधाच्या कोरड्या बाजूचा मुरूम घर-रस्त्याला कुणी नेत असेल तर त्याला गावानेच अडवावं.

जबाबदारी कुणाची, हे सिंचन क्षेत्रावर ठरतं. १०० हेक्टरपर्यंतचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्यापुढे ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारण विभागाकडे, त्यावर जलसंपदा. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी माथा किमान ५०० मीटर लांब किंवा साठा किमान १० लाख घनमीटर, अशा काही अटींपैकी एक पुरी करणारी धरणंही त्यात येतात. तुमचा बांध १२ मीटरचा, म्हणजे तो त्यात बसतो का हे माथ्याच्या लांबीवरून आणि साठ्यावरून पाहा. बसत असेल तर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे आणि ते अहवाल तुम्ही मागू शकता. बसत नसला तरी मालक खात्याची जबाबदारी संपत नाही.

पत्र ‘तलाव गळतो, दखल घ्यावी’ असं लिहू नका. अशा पत्रांचे गठ्ठे असतात. तारीख, तलावाची पातळी, गळती सेकंदाला किती लिटर, बाटलीत गाळ आहे की नाही, माथ्याची सर्वांत खालची जागा सांडव्याच्या किती वर आहे, गेट चालतं का, खाली किती घरं आहेत, हे एका पानावर लिहा. सोबत फोटो जोडा, शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे आकार कळेल. ग्रामसभेचा ठराव जोडा, प्रत तहसीलदारांना द्या आणि आवक क्रमांक घ्या. आकडे असलेलं पत्र बाजूला सारणं कुठल्याही अधिकाऱ्याला अवघड जातं, हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून अनुभवलंय.

क्रम पुन्हा सांगतो. आज जेसीबी थांबवा आणि बाटली भरा. या आठवड्यात बादलीचं माप, माथ्याची पातळी, सांडव्याची लांबी आणि धारेपासून नळापर्यंतचं अंतर घ्या. गोण्या-जाळी असतील तर त्याच दिवशी काढा. पत्र लगेच द्या. तलाव भरलेला आहे तोवर नोंदी चालू ठेवा, कारण रिकाम्या तलावावर गळतीचं काहीच कळत नाही. झाडं, भेगा, बिळं, माथा, गेट ही कामं तलाव उतरल्यावर, मेअखेरच्या आत.

बाटलीचा फोटो आणि पहिल्या दोन आठवड्यांचे आकडे इथेच टाका. गेल्या वर्षी तलाव किती भरला होता तेही जुन्या माणसांना किंवा पाटकऱ्याला विचारून लिहा. मग हा बांध कुठल्या प्रकारात बसतो ते मला बरंच नेमकं सांगता येईल.